एक तबकडी संपताना: हाउस आणि टेक्नो मिक्सच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून या कामाची वही सुरू करीत आहे. हाउस आणि टेक्नो या नृत्यसंगीताच्या दोन शैलींतल्या तबकड्या एकमेकींना जोडून नव्वद मिनिटांचा एक सलग मिक्स तयार करायचा असून त्याचे तीन भाग असतील: पहिला न्यूयॉर्क आणि शिकागोचा, दुसरा डेट्रॉइटचा आणि तिसरा बर्लिनचा.

डीजेंवरील प्रभावांविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी नावांची यादी दिली जाते. अमुक डीजेने तमुकाला ऐकले, म्हणून तो असा वाजवतो, एवढ्यावर विषय संपतो. मला ते अपुरे वाटते. तीच तबकडी दोन डीजेंनी वाजवली तरी दोघांची रात्र निराळी होते. म्हणजे प्रभावाचा ठसा तबकड्यांच्या निवडीत जेवढा असतो, त्याहून अधिक तो एका तबकडीने दुसरीला वाट करून देण्याच्या रीतीत असला पाहिजे. ही रीत, जिला मी या वहीत ‘जोड’ म्हणणार आहे, कानाने ओळखता येते का आणि हाताने पुन्हा करून पाहता येते का, हे तपासणे हा माझा हेतू आहे.

नियम असे ठरवले आहेत: दोन टर्नटेबल (तबकडी फिरवणारी यंत्रे), त्यांचे आवाज एकत्र करणारा एक मिक्सर, एकच बैठक आणि नंतर कोणतीही काटछाट नाही. हाताने वाजवलेलेच खरे, अशी माझी आजची धारणा आहे.

९ जानेवारी

सुरुवात हाउसच्याही आधीपासून करावी लागली. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या आसपास जोडीच्या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे मिळाली होती. सँक्च्युअरी या क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांच्या मात्रा एकमेकींवर बसवून नाच अखंड ठेवत असत. फिरत्या थाळीवर तबकडी बोटाने रोखून धरायची आणि नेमक्या क्षणी सोडायची, ही युक्तीही त्यांच्याच नावाशी जोडली जाते. डेव्हिड मँकुसो यांनी १४ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रॉडवेवरील स्वतःच्या राहत्या जागेत, पुढे ‘लॉफ्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ठिकाणी, मेजवान्या सुरू केल्या. कालांतराने त्यांनी मिसळणे पूर्णपणे सोडून दिले. उत्तम प्रतीच्या ध्वनियंत्रणेवर प्रत्येक तबकडी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजू द्यायची, मग क्षणभर शांतता, मग पुढची तबकडी, अशी त्यांची पद्धत होती.

ही दोन्ही माणसे एकाच शहरात, एकाच काळात, नाचणाऱ्यांसाठीच वाजवत होती. मँकुसो यांच्या पद्धतीला माझ्या नियमांत जागाच नाही, हे लक्षात आल्यावर थोडा विचारात पडलो. तूर्त एवढीच नोंद करून पुढे जात आहे.

१४ जानेवारी

फ्रँकी नकल्स आणि लॅरी लेव्हन हे न्यूयॉर्कमधले डीजे मित्र होते आणि कॉन्टिनेंटल बाथ्स या स्नानगृहात दोघांनीही सुरुवातीच्या काळात वाजवले होते. शिकागोतील वेअरहाउस या क्लबसाठी तो चालवणारे रॉबर्ट विल्यम्स यांनी आधी लेव्हन यांना विचारले होते. लेव्हन न्यूयॉर्कलाच राहिले आणि किंग स्ट्रीटवरील पॅराडाइज गराज या क्लबचे झाले, तर नकल्स १९७७ मध्ये शिकागोला गेले. २०६, साउथ जेफर्सन स्ट्रीट येथील त्या इमारतीच्या नावातूनच ‘हाउस’ हा शब्द आला असे मानले जाते आणि २०२३ मध्ये शिकागो शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

नकल्स यांची रीत समजून घेताना १२ जुलै १९७९ ही तारीख बाजूला ठेवता येत नाही. त्या दिवशी शिकागोच्याच कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग जाहीरपणे स्फोटाने उडवण्यात आला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली आणि नाचासाठीच्या नव्या तबकड्या पूर्वीच्या ओघाने येईनाशा झाल्या. वेअरहाउसमधली गर्दी मात्र रात्रभर नाचतच होती. मग नकल्स यांनी जुन्याच तबकड्या रील टेपवर घेतल्या, त्यांतला ठेक्याचा भाग पुन्हा पुन्हा जोडून लांबवला, गाणे उशिरा येऊ दिले, आणि लोकांना पाठ असलेल्या गोष्टी नव्या करून ऐकवल्या.

म्हणजे हाउसचा जन्म ज्या बूथमध्ये झाला, तिथे कात्री आणि चिकटपट्टी होतीच. ‘काटछाट नाही’ हा माझा नियम ज्यांच्या नावाने मी पाळू पाहतो आहे, त्यांनी स्वतः तो कधीच पाळला नव्हता. पहिल्या भागापुरता तो नियम आज रद्द केला.

२० जानेवारी

एका डिस्को तबकडीचे संपादन करण्यात सहा दिवस गेले. ते का करावे लागते, हे करून पाहिल्याशिवाय मला कळले नसते. या तबकडीवर ड्रम सेट हाताने वाजवलेला आहे. सुरुवातीला तिचा वेग मिनिटाला ११८ मात्रा भरतो आणि अखेरच्या भागात वादकांना रंग चढला की १२१ च्या जवळ जातो. ऐकणाऱ्याला हा बदल सुखावतो, जोडणाऱ्याची मात्र त्याने परीक्षा होते. सोळा आवर्तनांपर्यंत (एक आवर्तन म्हणजे चार मात्रा) दोन तबकड्या एकत्र चालवायच्या म्हटल्या, तर सतत हाताने थाळी ढकलावी किंवा रोखावी लागते.

हिशेब साधा आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या वेगात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. दोन तबकड्यांच्या वेगात मिनिटाला फक्त ०.१ मात्रेचा फरक राहिला, तरी एका मिनिटानंतर त्या एकमेकींपासून ५० मिलिसेकंद दूर गेलेल्या असतात आणि किक ड्रमचा (ठेक्याचा खोल, जड ठोका देणाऱ्या ड्रमचा) एक ठोका दोन ठोक्यांसारखा ऐकू येतो. टेपवर मात्र आठ आवर्तनांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडला की वेग तेवढ्यापुरता बांधला जातो. पुढे १९८३ मध्ये रोलँड कंपनीचे टीआर-९०९ हे तालयंत्र आले आणि शिकागोच्या मुलांनी ते उचलले, तेव्हा नाचणाऱ्यांचे कान आणि पाय या बांधलेल्या वेगाला आधीच सरावलेले होते, असे माझे मत झाले आहे. हे ९०९ टेक्नोचे संगीतकार डेरिक मे यांनी डेट्रॉइटहून आणून नकल्स यांना विकले, ही गोष्ट दोन्ही शहरांत सांगितली जाते, आणि या प्रकल्पात मी शोधत असलेला दुवा इथे अक्षरशः एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला आहे.

२६ जानेवारी

नकल्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस वेअरहाउस सोडून पॉवर प्लांट हा क्लब काढला आणि दुसरीकडे म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये रॉन हार्डी यांचा काळ सुरू झाला. दोघांच्याही पेटीत पुष्कळशा तबकड्या त्याच होत्या. हार्डी मात्र पिच (तबकडीचा वेग आणि त्याबरोबर स्वर) खूप वर नेत, बेस (खालचे जड स्वर) आणि वरचे स्वर टोकापर्यंत वाढवत, टेप उलटी वाजवत. माझ्या मूळ प्रश्नाला याहून नेमके उदाहरण मिळणार नाही.

आज पिच फेडरवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या सरकपट्टीवर, बराच वेळ घालवला. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या १९७९ च्या टर्नटेबलवर वेग अधिक-उणे ८ टक्के बदलता येतो, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांची तबकडी जास्तीत जास्त १२९.६ पर्यंत जाते. वेगाबरोबर स्वरही चढतो; साधारण ६ टक्क्यांना गाणे बरोबर अर्ध्या स्वराने वर सरकते. संपूर्ण ८ टक्के चढवून एक परिचित गाणे ऐकले, तेव्हा गायिकेचा आवाज ओळखीचा राहूनही घाईत असल्यासारखा, थोडा अनावर झाल्यासारखा वाटला. आजची उपकरणे वेग वाढवूनही स्वर जागच्या जागी ठेवतात. ती सोय वापरली असती तर हार्डी यांच्या रीतीतला हा ताण मला सापडलाच नसता. पहिल्या भागात ती सोय बंद ठेवणार आहे.

फ्युचर या गटाने टीबी-३०३ या यंत्रावर केलेली ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही रचना हार्डी यांनी एकाच रात्रीत चार वेळा वाजवली; पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले आणि चौथ्यांदा बेभान झाले, अशी तिची हकिकत आहे. बेस गिटार वाजवणाऱ्याच्या जागी वापरता यावे म्हणून बनवलेले हे यंत्र कंपनीने १९८४ मध्येच बंद केले होते आणि तबकडी १९८७ मध्ये निघाली. पुनरावृत्ती ही देखील एक जोड आहे, आत्ता वाजवलेल्याची मघाशी वाजवलेल्याशी, हे मला या हकिकतीने शिकवले. पहिल्या भागात एक तबकडी दोनदा येईल.

३ फेब्रुवारी

डाव्या टर्नटेबलची सुई झिजली आहे. ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येत होते. नवी बसवली, टोनआर्मचे (सुईच्या दांड्याचे) वजन पुन्हा जुळवले. आज एवढेच.

८ फेब्रुवारी

डेट्रॉइटचा भाग. क्लबची हकिकत शोधायला बसलो आणि रेडिओपाशी येऊन थांबलो. इलेक्ट्रिफाइंग मोजो या नावाने कार्यक्रम करणारे चार्ल्स जॉन्सन एकाच रात्री पार्लमेंट हा फंक गट, गायक प्रिन्स आणि जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फमधील क्राफ्टवर्क हा गट हे सारे वाजवत. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये एकाच शाळेत शिकलेले हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या कार्यक्रमाचे श्रोते होते. अॅटकिन्स यांनी रिक डेव्हिस यांच्याबरोबर सायबोट्रॉन हा गट काढून १९८१ मध्ये पहिली तबकडी आणली आणि १९८५ मध्ये मॉडेल ५०० या नावाने स्वतःच्या मेट्रोप्लेक्स या तबकड्या काढणाऱ्या लेबलवर काम सुरू केले. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या संगीताचा जो संग्रह निघाला, तोही आधी हाउसच्याच नावाखाली निघायचा होता. अॅटकिन्स यांच्या एका रचनेवरून शीर्षकात ‘टेक्नो’ हा शब्द आला. दोन शैलींमधली भिंत किती पातळ होती, हे यावरून कळते.

मोजो यांच्या नंतर जेफ मिल्स ‘द विझर्ड’ या नावाने डेट्रॉइटच्या रेडिओवर आले. रेडिओच्या श्रोत्याला रात्रभर थांबायचे नसते. त्याचा हात बटणावर असतो. म्हणून विझर्डचे तुकडे छोटे, बदल झटपट, आणि हिपहॉपच्या डीजेंसारखी क्रॉसफेडरवरची (एका तबकडीचा आवाज मिटवून दुसरीचा उघडणाऱ्या पट्टीवरची) कापाकापी भरपूर. वेअरहाउसमध्ये पहाटेपर्यंत थांबणारी गर्दी होती, म्हणून नकल्स यांची जोड लांब. रेडिओवर निसटू शकणारा श्रोता होता, म्हणून मिल्स यांची जोड आखूड. डीजेवर दुसऱ्या डीजेचा प्रभाव पडतो तेवढाच समोरच्या ऐकणाऱ्याच्या धीराचाही पडतो, असे मी आता मानू लागलो आहे, आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या हेतूत ही भर घालत आहे.

१५ फेब्रुवारी

जेफ मिल्स यांचा टोकियोतील लिक्विड रूम या क्लबमधला मिक्स आज पाचव्यांदा ऐकला. ऑक्टोबर १९९५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला हा मिक्स १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन टर्नटेबल, तासाभराहून थोडा अधिक वेळ आणि त्यात तीन डझनांहून अधिक तबकड्या. म्हणजे सरासरी दोन मिनिटेही एका तबकडीच्या वाट्याला येत नाहीत. त्यात शिकागोचे डीजे फंक आहेत, बर्मिंगहॅमचे सर्जन आहेत, डेरिक मे यांची ‘स्ट्रिंग्स ऑफ लाइफ’ आहे आणि मिल्स यांच्या स्वतःच्या रचना तर आहेतच.

या वेळी मी तबकड्या मोजायचे सोडून फक्त एकच गोष्ट ऐकली: किक ड्रमखालचा बेस कोणाच्या ताब्यात आहे. दोन तबकड्यांचा बेस एकाच वेळी सोडला तर आवाज चिखलासारखा होतो, त्यामुळे येणाऱ्या तबकडीचा बेस काढून ठेवायचा आणि योग्य मात्रेवर दोघींची अदलाबदल करायची, हे कोणताही डीजे पहिल्या काही महिन्यांत शिकतो. मिल्स यांच्याकडे ही अदलाबदल हळूच उरकली जात नाही, ती समोर मांडलेली असते. बेस एकदम निघून जातो, काही मात्रा फक्त हाय-हॅट (ड्रम सेटमधली झांजांची जोडी) उरते, आणि बेस परत येतो तेव्हा तो दुसऱ्याच तबकडीचा असतो. ऐकणाऱ्याला बदल झाल्याचे कळते आणि तो नेमका कुठे झाला हे मात्र पकडता येत नाही.

या ध्वनिमुद्रणात मात्रा निसटल्याच्याही जागा ऐकू येतात. पुढच्याच क्षणी हाताने सावरलेली तबकडी, थोडा धसमुसळा कट, मागे लोकांचा आवाज. त्या जागा मला सर्वांत जास्त शिकवून जातात, कारण तिथे हात दिसतो. निर्दोष जोडीत हात झाकलेला असतो.

२३ फेब्रुवारी

एका स्नेह्याकडून तिसरे टर्नटेबल आणले आहे. मिनिटाला १३६ मात्रांच्या वेगात बत्तीस मात्रांचा एक खंड जेमतेम १४ सेकंदांचा असतो. तेवढ्यात चालू तबकडी सांभाळायची, तिसरी थाळीवर ठेवून हेडफोनमध्ये जुळवायची आणि दुसरीचा बेस काढायचा. पहिल्या सात प्रयत्नांत एकदाही दहा मिनिटे सलग टिकलो नाही. चूक जुळवण्यात नव्हती, ती तबकडी निवडण्यात होती: पुढचे काय हे मी चालू खंडात ठरवत होतो. आता तबकड्या वाजवण्याच्या क्रमाने, तीन-तीनच्या गटांत लावून ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीवर सुई ठेवण्याच्या जागी छोटी चिकटखूण केली आहे.

२ मार्च

डीजे रिची हॉटिन यांच्या २००१ च्या ‘डीई९: क्लोजर टू द एडिट’ या मिक्सवर आज थोडा वेळ दिला. शंभराहून अधिक रचना घेऊन त्यांचे तीनशेहून अधिक लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) करायचे आणि त्यांतून एक मिक्स विणायचा, असे ते काम आहे. नकल्स यांच्या टेपच्या तुकड्यांचे हे सरळ वंशज आहे असे मला ठामपणे वाटते. साधन बदलले, कात्री तीच आहे. माझ्या नव्वद मिनिटांत मात्र या रीतीला स्वतंत्र जागा देत नाही, कारण ती अर्धीमुर्धी करून चालणार नाही.

९ मार्च

बर्लिन. नोव्हेंबर १९८९ मध्ये भिंत पडली आणि शहराच्या पूर्व भागात रिकाम्या, मालकी न ठरलेल्या जागा मोकळ्या झाल्या. मार्च १९९१ मध्ये वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत दिमित्री हेगेमान आणि त्यांच्या साथीदारांनी ट्रेझर क्लब सुरू केला. त्याच नावाच्या लेबलची पहिली तबकडी एक्स-१०१ या नावाने आली आणि तिच्यामागे डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाचे माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड होते. त्यामुळे माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमधली जोड इतिहासानेच करून ठेवलेली आहे.

या शहरात दुवा म्हणून एका दुकानाचे महत्त्व मला कोणत्याही क्लबइतके वाटते. मार्क एर्नेस्टस यांनी १९८९ मध्ये हार्ड वॅक्स सुरू केले आणि डेट्रॉइट-शिकागोच्या तबकड्या बर्लिनच्या डीजेंच्या हाती तिथून पडल्या. एर्नेस्टस आणि मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड यांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनल नावाने स्वतःच्या तबकड्या काढायला सुरुवात केली. त्यांत डेट्रॉइटचा ठेका आहे, जमैकाच्या डब या संगीतशैलीचा प्रतिध्वनी आहे, आणि बदल इतका सावकाश आहे की एकाच स्वरगुच्छाभोवतीची धूळ तेवढी हलत असावी असे वाटते.

अशा दोन तबकड्या जोडताना मिल्स यांची रीत पूर्ण निरुपयोगी ठरली. कट केला की जखम दिसते. आज चार मिनिटांची एक जोड केली, दोन्ही फेडर (आवाजाच्या पट्ट्या) जवळजवळ वर ठेवून, फक्त मधल्या स्वरांचे नॉब अगदी थोडे थोडे फिरवत. एक केव्हा संपली हे मला स्वतःला ध्वनिमुद्रण ऐकतानाही सांगता आले नाही. फेब्रुवारीतले सारे श्रम हाताच्या वेगासाठी होते. हे काम हात न हलवण्याचे आहे आणि ते मला अधिक जड गेले.

१६ मार्च

तबकड्यांची यादी आज पुन्हा वाचली आणि तिच्यात एक मोठी उणीव दिसली. डेट्रॉइटच्या भागात एकही स्त्री नव्हती. के-हँड या नावाने वाजवणाऱ्या केली हँड १९८० च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन पॅराडाइज गराजमध्ये नाचल्या होत्या, १९९० मध्ये त्यांनी स्वतःचे लेबल सुरू केले, पुढे ते अकेशिया या नावाने चालले, आणि हाउस व टेक्नो या दोन्हींत त्या सारख्याच सहजतेने काम करीत राहिल्या. २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या नगरपरिषदेने त्यांचा गौरव केला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. लेव्हन यांच्या नृत्यभूमीवरून डेट्रॉइटच्या टेक्नोपर्यंत एकाच व्यक्तीत पोहोचणारा दुवा मी शोधत होतो आणि तो माझ्या यादीतच नव्हता, ही चूक माझ्या ऐकण्याची आहे. पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या सीमेवर आता त्यांची तबकडी येते. दोन तबकड्या त्यासाठी काढल्या आणि त्यांची आठवण आता येत नाही.

२३ मार्च

पहिली संपूर्ण फेरी: ९७ मिनिटे. शिकागोचा भाग चांगला उतरला. दोनदा येणारी तबकडी दुसऱ्यांदा येते तेव्हा खरोखर निराळी वाटते, कारण मधल्या वीस मिनिटांत वेग ११९ वरून १२६ वर गेलेला असतो. डेट्रॉइटच्या भागात बाविसाव्या आणि पंचविसाव्या जोडीत मात्रा निसटल्या. दुसऱ्या भागाकडून तिसऱ्या भागाकडे जाताना १३६ वरून १२८ वर उतरायचे आहे आणि तिथे मी आठ मिनिटे चाचपडत होतो. हळूहळू उतरवत नेले की नाच दमल्यासारखा वाटतो.

२७ मार्च

उतरण्याचा मार्ग मँकुसो यांच्याकडे सापडला. जानेवारीत ज्यांना माझ्या नियमांत जागा नव्हती, त्यांचीच रीत घेतली: डेट्रॉइटची शेवटची तबकडी पूर्ण संपू द्यायची, दोन श्वास शांतता, आणि मग १२८ ने नवी सुरुवात. चार वेळा करून पाहिले आणि चारही वेळा पुढची पहिली किक छातीवर बसली.

३० मार्च

अंतिम ध्वनिमुद्रण झाले. ९४ मिनिटे, ४१ तबकड्या. शिकागोच्या भागातील चार तबकड्या माझ्या स्वतःच्या संपादित प्रती आहेत. बाकी सारे एका बैठकीत, हाताने. पंचविसावी जोड आजही किंचित निसटली आणि दुसऱ्या आवर्तनात सावरली. ती तशीच ठेवली आहे.

यादीत प्रत्येक जोडीपुढे ती कोणाच्या रीतीने केली आहे ते लिहिले: नकल्स, हार्डी, मिल्स, बेसिक चॅनल, मँकुसो. तेराव्या जोडीपाशी थांबलो. तिथे के-हँड यांची तबकडी येते. बेस एकदम न काढता तो आठ आवर्तने अर्ध्यावर ठेवला आहे आणि जाणाऱ्या गाण्यातला एकच शब्द तिच्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा येऊ दिला आहे. ही रीत मी कोणाकडून घेतलेली नाही. तिच्यापुढची जागा कोरी सोडून यादी बंद केली.